राजदूत ३५०: एचटी घ्यावी की एलटी?

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आणलेली ही मोटरसायकल, म्हणजे यामाहा आरडी ३५०च, दिसायला एकच, पण तिचे प्रकार दोन: हाय टॉर्क (एचटी) आणि लो टॉर्क (एलटी). दोन्हींत ३४७ सीसीचं जुळं टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. एचटीची ताकद ३०.५ बीएचपी, नंतर आलेल्या एलटीची २७. मूळ जपानी गाडी ३९ची, म्हणजे एचटीसुद्धा लगाम घातलेलीच!

कागदावर फरक जेमतेम साडेतीन बीएचपीचा, पण मूठ पिळली की कळतो. एचटी वरच्या आरपीएमला जशी उसळते, तशी एलटी उसळत नाही. कारण एलटीचे पोर्ट (सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रं) आणि सायलेन्सर मुद्दाम मवाळ ठेवले, पेट्रोल वाचावं म्हणून. तरी ॲव्हरेजचं कौतुक करण्यासारखं काही नाहीच. ३५० घेऊन पेट्रोल मोजणारे तेव्हाही फारसे भेटले नसतील.

ब्रेकच्या बाबतीत दोघी सारख्याच: पुढे डिस्कऐवजी ड्रम, त्यामुळे वेगात जीव मुठीत.

माझं मत एचटीलाच. मात्र विकत घेताना नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. कित्येक एलटींना नंतर एचटीचे बॅरल (सिलिंडर) बसवलेले असतात. जाणकार मेकॅनिक सोबत न्या.