फ्रान्समध्ये पाण्याकाठी धावायचंय? आधी पायाखालची वाट बघा

पॅरिसला गेलेला प्रत्येक धावपटू सेनच्या काठी एक फेरी मारतोच. पण हाताशी चार-पाच दिवस असतील तर शहर सोडा आणि एखाद्या कालव्याच्या किंवा नदीच्या काठी मुक्काम करा. कुठल्या, एवढाच प्रश्न उरतो. फोटोंवरून ठरवायचं तर ल्वार नदीकाठचे राजवाडेच जिंकणार. धावणाऱ्याने मात्र तीन गोष्टी आधी बघाव्यात: पायाखाली काय आहे, डोक्यावर सावली आहे का, आणि दमल्यावर परत यायला ट्रेन मिळते का. या तीन कसोट्यांवर मिदी, बरगंडी आणि ब्रिटनीतला असे तीन कालवे आणि ल्वार नदी हे चार पर्याय लावून बघितले की चित्र बरंच बदलतं.

तिकडचे कालवे आपल्या नीरा किंवा मुठा कालव्यासारखे शेतीसाठी खोदलेले नाहीत. ते मालवाहू बोटींसाठी आहेत. बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद म्हणजे लॉक. दोन लॉकच्या मधलं पाणी तळ्यासारखं स्थिर असतं, आणि म्हणून काठची वाटही सपाट. चढ लागतो तो लॉकपाशी, तोही बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटरचा. पूर्वी घोडे आणि माणसं काठावरून चालत दोराने बोटी ओढत. त्यांच्यासाठी केलेल्या वाटेला तिथे ‘शमँ द आलाज’ म्हणतात. आज आपण धावतो ती हीच वाट. जुन्या पुलांखालून जाताना दगडी कोपऱ्यांवर हात फिरवून बघा. ओल्या दोरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून पडलेल्या खाचा बोटांना लागतात.

यातला सगळ्यांत नावाजलेला मिदी कालवा, आणि निवड फसण्याची शक्यताही इथेच जास्त. तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या तो सरोवरापर्यंत तो 240 किलोमीटर जातो. 1666 मध्ये राजाची मंजुरी मिळाली आणि 1681 मध्ये काम पूर्ण झालं. ज्याने आयुष्य आणि पैसा यात ओतला तो प्येर-पोल रिके त्याच्या काही महिने आधी वारला. 1996 पासून हा कालवा जागतिक वारसा यादीत आहे. तुलूझ हे विमान उद्योगाचं शहर, त्यामुळे कामाला किंवा शिकायला गेलेली मराठी मंडळीही तिथे भेटतात. त्यांच्यासाठी तर हा घरचाच ट्रॅक, कारण मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा. तिथून आग्नेयेला सुमारे 50 किलोमीटर सलग डांबरी वाट आहे. ऐकायला छान वाटतं, पण लांब पल्ल्याला डांबर नडगीला आणि गुडघ्याला जाणवतं, आणि शहराजवळ सायकलींची गर्दी इतकी असते की सतत उजवी कड धरून पळावं लागतं.

त्यापुढे ओद जिल्ह्यात वाट मातीची किंवा दाबलेल्या खडीची होते आणि धावणं खऱ्या अर्थाने सुरू होतं. जिथे डागडुजी झालेली नाही तिथे झाडांच्या मुळ्या वर आलेल्या आहेत. नजर खाली ठेवा. ही झाडं प्लाटान, म्हणजे आपल्या काश्मिरी चिनाराची भावंडं. कालव्याच्या दोन्ही काठांवर अशी सुमारे 42 हजार झाडं होती. 2006 मध्ये त्यांना बुरशीचा एक रोग लागल्याचं आढळलं. तो पाण्यातून आणि एकमेकांत गुंतलेल्या मुळ्यांमधून पसरतो आणि त्यावर उपाय नाही. त्यामुळे हजारोंनी झाडं तोडावी लागली. नवी झाडं लावली आहेत, पण ती सावली धरायला अजून अवकाश आहे. तेव्हा हिरव्या बोगद्याचे जुने फोटो बघून जुलै-ऑगस्टमध्ये बेझिएच्या बाजूला धावायला जाऊ नका; पारा 35 च्या वर जातो आणि कित्येक पट्टे अगदी उघडे आहेत. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात गेलात तर अर्जाँपासून बेझिएच्या फोन्सेरान लॉकपर्यंतचे साधारण 54 किलोमीटर जरूर बघा. एवढ्या अंतरात एकही लॉक नाही. टेकड्यांच्या कडेकडेने वळणं घेत, एकच पातळी धरून जाणारी अशी वाट मला तरी दुसरी ठाऊक नाही.

मिदीची खरी ताकद म्हणजे कालव्याला समांतर जाणारी रेल्वे. कास्तेलनोदारीहून निघायचं, ब्रामपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर पळायचं आणि ट्रेनने परत यायचं. वाऱ्याचा हिशेबही यातच बसवता येतो. इथे आग्नेयेकडून ‘ओतान’ आणि उलट बाजूने ‘सेर्स’ वाहतो, आणि कालवाही नेमका त्याच रेषेत. सपाट वाटेवर समोरचा वारा हाच घाट. म्हणून सकाळी झाडाची पानं बघायची आणि ट्रेनने वाऱ्याच्या तोंडाकडच्या गावी जाऊन तिथून मुक्कामाकडे पळत सुटायचं.

याच परिसरात एक वाट फारशी कोणी सुचवत नाही. नोरूझ हा मिदी कालव्याचा माथा. पाऊस तिथे पडला की अर्धा अटलांटिककडे आणि अर्धा भूमध्य समुद्राकडे जातो. या माथ्यावर पाणी पुरवण्यासाठी रिकेने डोंगरातून एक पाट आणला. ‘रिगोल द ला प्लेन’ नावाचा हा पाट जेमतेम काही फूट रुंद आहे. त्याच्या काठची साधारण 38 किलोमीटरची मातीची पायवाट बरीचशी झाडीतून जाते. बोटी नाहीत, घाईतल्या सायकली कमी. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर मुख्य कालवा सोडून मी हीच निवडेन.

आता बरगंडी. मुक्काम पॅरिसमध्ये असेल आणि दोनच दिवस काढता येत असतील, तर माझं मत सरळ या कालव्याला. मोंबारला थांबणारी वेगवान ट्रेन तासाभरात पोचवते आणि कालवा गावातूनच जातो. 1832 मध्ये पूर्ण झालेला हा कालवा 242 किलोमीटर लांब आहे आणि त्यावर 189 लॉक आहेत. आकड्याला घाबरू नका. प्रत्येक लॉक म्हणजे एक छोटा चढ किंवा उतार, आणि एकसुरी सपाटीवर सारखे तेच स्नायू दमतात तेव्हा तो हवासाच वाटतो. लॉकना नंबर आहेत. पुयी गावाजवळच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना एकपासून मोजणी सुरू होते, योन नदीकडच्या नंबरापुढे ‘वाय’ आणि सोनकडच्या नंबरापुढे ‘एस’. नंबर मोठे होत चालले म्हणजे आपण उताराला आहोत. माथ्यावर कालवा 3.3 किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो. आपली वाट वरून जाते, अधूनमधून बोगद्याला हवा देणारी विहिरीसारखी तोंडं दिसतात.

वाट बऱ्याच ठिकाणी डांबरी, अधेमधे बारीक खडीची, आणि तरीही मिदीपेक्षा कितीतरी निवांत. मोंबारहून ब्युफों गावापर्यंत सहा-सात किलोमीटर जा आणि त्याच वाटेने परत या. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफों याने 1768 मध्ये उभारलेली लोखंडाची भट्टी तिथे आहे. दुसरा पर्याय दिजाँहून कीर तलावाला वळसा घालून ऊश नदीच्या खोऱ्यात शिरण्याचा. हिरवाई सुंदर आहे, पण सुरुवातीचे बरेच किलोमीटर शेजारच्या महामार्गाची घरघर साथ सोडत नाही. शांतताच हवी असेल तर मोंबार बरं.

पायांना सगळ्यांत सुखाची वाट मात्र ब्रिटनीत. नाँत-ब्रेस्त कालवा सुमारे 360 किलोमीटरचा. इंग्रज आरमाराने समुद्र अडवला तरी नाँतहून ब्रेस्तच्या गोदीत माल पोचावा म्हणून नेपोलियनच्या काळात, 1811 मध्ये, त्याचं काम सुरू झालं. ग्लोमेलची खोल चर कैद्यांकडून खोदून घेतली. काठावर दाबून बसवलेली वाळू आणि बारीक खडी असते. पाऊल पडलं की हलकं दबतं, घसरत नाही, आणि पाऊस पडून गेला तरी फार चिखल होत नाही. पाऊस म्हणजे तिथे बारा महिने कधीही येणारी भुरभुर. कोकणातल्या श्रावणात धावायची सवय असेल तर काहीच वाटणार नाही. उन्हाळ्यात हवा थंड, सावली भरपूर. जोस्लँपासून मालेत्रुआपर्यंतचा साधारण 25 किलोमीटरचा पट्टा मॅरेथॉनच्या तयारीतल्या लांब रविवारसाठी अगदी नेमका, आणि जोस्लँला रोआँ घराण्याच्या किल्ल्याचे तीन बुरूज थेट पाण्यावर उभे आहेत.

अडचण एकच, पण मोठी. जोस्लँ आणि मालेत्रुआ या दोन्ही गावांना ट्रेन नाही. बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, किंवा गेलात तेवढंच परत पळायची तयारी ठेवा. ते नको असेल तर रदोंला मुक्काम करा. तिथे मोठं स्टेशन आहे आणि कालवा गावातून जातो. हेनबोंलाही ट्रेन थांबते. तिथून ब्लावे नदीच्या काठाने पोंतिवीकडे वाट जाते.

ल्वारचं मी थोडक्यात सांगते. नदी अप्रतिम आहे, पण धावण्याची वाट म्हणून ती तुटक आहे. सुमारे 900 किलोमीटरचा सायकल मार्ग कधी बांधावर, कधी द्राक्षमळ्यांतून चढत, कधी गाड्यांसोबतच्या गावरस्त्यावर जातो. पूर अडवायला घातलेल्या बांधांवर सावली नाही. 1856 च्या महापुराच्या खुणा काठच्या भिंतींवर आजही कोरलेल्या दिसतात, आणि हिवाळ्यात खालच्या वाटा अजूनही पाण्याखाली जातात. निघण्याआधी सरकारी ‘व्हिजिक्रू’ साईटवर नदीची पातळी बघा. मँ-सुर-ल्वार ते बोझाँसी हा सात-आठ किलोमीटरचा तुकडा सुटसुटीत आहे, दोन्ही टोकांना ट्रेन आहे. उन्हाळ्यात नदीतली वाळूची बेटं मोहक दिसतात, पण त्यावर सुरय पक्षी अंडी घालतात, तिकडे उतरू नका. ल्वारही हवी आणि सलग सपाटीही, तर ब्रियारला जा. 1896 मध्ये खुला झालेला 662 मीटरचा पूल तिथे कालवाच नदीवरून पलीकडे नेतो. दोन्ही कडांना पायवाटा आहेत, आणि पुढे शातियोंच्या दिशेने कालव्याकाठी हवं तेवढं पळता येतं.

कुठेही गेलात तरी पाण्याची बाटली जवळ ठेवा. वाटेतल्या गावात नळ दिसला नाही तर दफनभूमीत बघा; तिथे बहुधा असतोच, फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. खेड्यातली बेकरी सोमवारी बंद असू शकते. रविवारी ट्रेन कमी असतात, तेव्हा एकमार्गी पल्ला शनिवारी ठेवा. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, त्या काळात भडक केशरी किंवा पिवळा टीशर्ट घाला. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचे काही भाग रिकामे करतात. पाण्याऐवजी चिखल बघायचा नसेल तर मुक्काम ठरवण्याआधी त्या भागाची सूचना वाचून घ्या.