प्रवासाची स्लिपर: गणपतीपासून मेपर्यंत वापरून बघितल्यावर

प्रवासासाठी स्लिपर घेताना दुकानात आपण दोनच गोष्टी बघतो: मऊ आहे का आणि हलकी आहे का. गेले कित्येक महिने तीन प्रकारच्या जोड्या आलटून-पालटून वापरल्यावर माझं पक्कं मत झालंय की या दोन्ही गोष्टी नंतरच्या. आधी बघायचं ते ओल्या फरशीवर पकड कशी आहे आणि भिजली तर किती लवकर वाळते. प्रवासात स्लिपर खरी लागते ती गाडीच्या संडासात, लॉजच्या बाथरूममध्ये आणि कोकणातल्या होमस्टेच्या मागच्या पडवीत. तिथे बहुतेक वेळा पाणीच असतं.

माझ्याकडच्या तीन जोड्या अशा. एक जाड तळव्याची ईव्हीए फोमची (हलक्या, मऊ प्लास्टिकच्या फोमची), वर एकच रुंद पट्टा, हल्ली सगळीकडे दिसते तशी. दुसरी कापडी, घडी करून छोट्या पिशवीत मावणारी. तिसरी साधी रबरी हवाई चप्पल, अंगठ्याजवळ पट्टा असलेली. तिघींची वजनं घरातल्या काट्यावर केली. कापडी जोडी १२० ग्रॅम, ईव्हीए २६० आणि रबरी ३८०. कागदावर कापडी जिंकते. प्रत्यक्षात तीच सगळ्यात आधी बाद झाली.

कापडी जोडी विमानात आणि हॉटेलच्या खोलीत छानच आहे. तास न् तास बसून पाय सुजतात तेव्हा कापड ताणतं, कुठे काचत नाही. पण कोकणकन्येच्या डब्यात पहाटे संडासाकडे जाऊन आले आणि तळवा खालून ओला झाला. तो ओलावा दुपारपर्यंत तसाच होता. अशी जोडी बॅगेत कपड्यांशेजारी ठेवायची तरी कशी? शिवाय जिथे घडी पडते तिथला पट्टा पायाच्या कमानीखाली टोचतो. मुक्कामी खोलीत घालायला हवी असेल तरच घ्या.

ईव्हीएवर लोकांचं प्रेम का आहे ते पहिल्याच दिवशी कळतं. आतले हवेचे कप्पे बंद असल्यामुळे फोम पाणी शोषत नाही, वरचं पुसलं की कोरडी. दिवसभर देवळं फिरून आल्यावर टाचेला खरोखर आराम मिळतो. थंडीत मोजे घालूनही वापरता येते. पण साबणाचं पाणी पडलेल्या चकचकीत टाइल्सवर ती मला नको वाटते. एक तर हा फोम रबरापेक्षा कमी धरतो. दुसरं म्हणजे पाय ओला असला की पाऊलच स्लिपरच्या आत पुढे सरकतं आणि बोटं पट्ट्याबाहेर येतात. अंगठ्याशी पट्टा नसल्यामुळे पावलाला अडवायला काहीच नसतं. लॉजमधल्या उंच उंबऱ्याच्या बाथरूममधून बाहेर पडताना हे फार जाणवतं.

दुसरी तक्रार महिन्यांनंतरची. फोम दबतो आणि मग पूर्ववत होत नाही. हिवाळा सरेपर्यंत टाचेखालचा भाग डोळ्यांना दिसेल इतका बसला आणि डावी स्लिपर बाहेरच्या बाजूला झुकायला लागली. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, हा फोम उष्णतेनं आकसतो. शेजाऱ्यांची जोडी नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या काचेशी राहिली आणि दोन नंबर लहान झाल्यासारखी दिसायला लागली. पॅकिंगचंही बघा. वरचा पट्टा दबत नाही, त्यामुळे बॅगेत ही जोडी वजनाच्या मानानं फार जागा अडवते. त्या पोकळीत मोजे आणि चार्जर कोंबायचे, एवढाच उपाय.

रबरी हवाई चप्पल मी या वेळी नव्यानं वापरली आणि तिच्यावर माझा जीव जडलाय. तळव्याला तळवा लावून ठेवली की सपाट गठ्ठा होतो, बॅगेच्या कडेला सरकवता येतो. मी ब्रेडची रिकामी पिशवी वापरते, पाणी बाहेर येत नाही. बाथरूमच्या टाइल्सवर, गाडीच्या डब्यात, मालवणच्या जेटीच्या ओल्या काँक्रीटवर पकड चांगली राहिली. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांची गोष्ट वेगळी. जांभा पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात त्यावर हिरवा थर येतो. तिथे कुठलीही स्लिपर धरत नाही. सरळ काढून हातात घ्या आणि कडेकडेनं, आधाराला धरून उतरा.

दुरुस्ती हा तिचा मोठा गुण. पट्ट्याचं खालचं बटण भोकातून निघालं तर परत आत ओढता येतं. बटणाची कड फाटली असेल तर तळव्याखाली पट्ट्याच्या टोकातून सेफ्टी पिन आडवी घालायची, मुक्काम निभतो. नुसते पट्टे बाजारात वेगळे मिळतात. ईव्हीएची एकसंध जोडी एकदा फाटली की संपली.

दोष हिचेही आहेत. पहिले काही दिवस अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात लाल होतं, म्हणून प्रवासाआधी आठवडाभर घरात घालून ती मऊ करून घ्या. पावसात चालताना मागून पोटऱ्यांवर चिखलाचे शिंतोडे उडतात, सलवारीची पार वाट लागते. एसी डब्यात मोजे हवे असतील तर अंगठा वेगळा असलेले घ्यावे लागतात. आणि लांब चालण्यासाठी ही नाही. गावात दोन-तीन किलोमीटर ठीक, त्यापुढे बूटच.

रात्रीच्या गाडीत ती बर्थखाली सोडून झोपू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायानं एक स्लिपर पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये पोचते आणि पहाटे अनवाणी शोधत फिरावं लागतं. वरच्या बर्थवर असाल तर त्याच ब्रेडच्या पिशवीत घालून पायथ्याशी ठेवा.

दुकानात घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. टाच मागच्या कडेच्या आत अर्धा बोट तरी राहिली पाहिजे. टाचेच्या जागी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून बघा. बोटं एकमेकांना टेकतील इतकी मऊ असेल तर दगडगोटे पायाला लागणार. तळवा उलटा करून खाचा बघा. नुसती नक्षी असेल तर सोडून द्या, पाणी बाहेर जाईल अशा खोल, कडेपर्यंत गेलेल्या खाचा हव्यात. आणि नाक लावून वास घ्या. उग्र वास बंद बॅगेत कपड्यांना लागतो.

आईला मात्र मी हवाई चप्पल देत नाही. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळव्याची जाणीव कमी झाली आहे. अशा पायाला बेचक्यातला पट्टा घासून जखम झाली तरी कळत नाही, आणि चप्पल निसटली तरी लगेच लक्षात येत नाही. तिच्यासाठी मागे टाचेला पट्टा आणि वर वेल्क्रो असलेली, रबरी तळव्याची सँडल घेतली. ती बॅगेत जवळजवळ दुप्पट जागा घेते आणि वेल्क्रोत वाळू अडकते, जुन्या टूथब्रशनं काढावी लागते. तरी तुमच्या घरात असं कुणी असेल तर बॅगेतली जागा बघू नका, हीच घ्या, आणि रोज रात्री तळवे बघायला विसरू नका.