मांजराची ‘ऑर्थोपेडिक’ गादी आणि अर्ध्या किलोचं पार्सल

मांजरांच्या गाद्या विकणारं एक इन्स्टाग्राम पान सध्या गोव्यातल्या बऱ्याच जणांना दिसत असेल. राखाडी मखमली गादी, कडेला लोड, मधे गुबगुबीत पर्शियन मांजर. खाली लिहिलेलं: ‘ऑर्थोपेडिक मेमरी फोम, 60 बाय 45, जाडी 10 सेंमी, गोव्यात घरपोच.’ किंमत 1,899 रुपये, पैसे आधी.

आम्ही फोंड्याला राहतो. आमचा बोका आता म्हातारा झालाय. या वयात मांजरांचे सांधे झिजतात, पण ती सहसा लंगडत नाहीत की ओरडत नाहीत, फक्त उंचावर उड्या मारणं सोडतात. आमचा कपाटावर चढेनासा झाला तेव्हा डॉक्टरांनी जाड, न दबणारी आणि पुढून उतरत्या कडेची गादी घ्यायला सांगितलं. घरातली वाकळ लगेच सपाट होते, आणि पावसाळ्यात धुतली तर वाळता वाळत नाही.

विकणारा गोड बोलायचा. “ताई, म्हापशात आमचं दुकान आहे. शुक्रवारी बाजाराला याल तेव्हा बघून जा.” बाजाराचं नाव घेतलं की माणूस आपल्यातलाच वाटतो, हे त्याला पक्कं ठाऊक. भावाने नंतर त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं. तिथे गाद्यांचं दुकान नव्हतं, कधी असल्याचं शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

पार्सल आलं ते उशीएवढं. कुरिअरच्या चिठ्ठीवर वजन अर्धा किलोही नव्हतं. इथे थोडं गणित करा, कारण हे पैसे भरण्याआधीही करता येतं. मेमरी फोम जड असतो, लिटरमागे साधारण 40 ते 80 ग्रॅम. 60 बाय 45 बाय 10 म्हणजे 27 लिटर. नुसता फोमच एक किलोच्या वर भरायला हवा, कापड वेगळं. म्हणून कोणी ‘मेमरी फोम’ म्हणाला की आधी वजन विचारा. खरं विकणारा सांगतो. हा असला ‘मॅडम, क्वालिटी बघा’ म्हणतो.

चेन उघडायला गेले तर चेन खोटी, नुसती शिवलेली. उसवल्यावर निघाली फोमची रंगीबेरंगी कात्रणं आणि खाली चिंध्या. खऱ्या मेमरी फोमवर तळहात दाबून उचलला तर खळगा हळूहळू भरतो; इथे हात थेट फरशीला टेकला.

त्याहून वाईट होता तो वास. डांबरगोळ्यांचा! गोदामात पडलेला माल असणार, कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या. पण अशा गोळ्यांत असतं ते नॅफ्थलीन मांजरांना विषारी. ‘हर्बल, पिसवा पळवणारी’ म्हणून विकतात त्या गाद्यांपासूनही लांब राहा: टी ट्री तेल आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक, दोन्ही मांजरांना बाधतात, कुत्र्यांना चालणारं औषधसुद्धा यांना चालेलच असं नाही. बोक्याने हुंगून पाठ फिरवली, तेवढी अक्कल त्याला होती.

पैसे परत मागितले, आणि खरा सापळा तिथे निघाला. त्याने लगेच मान्य केलं, माफीसुद्धा मागितली. मग क्यूआर कोड पाठवला: “ताई, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.” यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो. कोडवर रक्कमही 18,990 दिसत होती. “एक शून्य जास्त पडलंय, टाका ना, फिरवून देतो,” म्हणे! मी नाही म्हटल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

असा पिन टाकून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 ला, ताबडतोब फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मालाबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही. अडचण एकच, समोर नाव आणि पत्ता लागतो. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. माझ्या पाकिटावर यातलं काहीच नव्हतं. पान, संभाषण, चिठ्ठी, सगळ्याचे फोटो जोडून मी तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

बोक्यासाठी फोंड्यातल्याच गादीवाल्याकडून घट्ट फोमचा तुकडा कापून घेतला, वर सुती खोळ, जी काढून धुता येते. खर्च त्या गादीच्या निम्माही आला नाही. आणि ते पान? नाव बदललंय, फोटो तोच आहे, फक्त दुकान आता मडगावात असल्याचं सांगतात.