व्हेटचं वर्षाचं पॅकेज: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

कुत्र्या-मांजरांसाठी बरेच दवाखाने आता वर्षभराचं ‘प्रिव्हेंटिव्ह’ (आजार टाळण्यासाठीचं) पॅकेज देतात. एकरकमी किंवा महिन्याच्या हप्त्याने पैसे भरायचे, त्यात एक-दोन तपासण्या, लसी, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, रक्ततपासणी, नखं कापणं असं सगळं बसवलेलं असतं. आमचं मत आधीच सांगतो. पिल्लाचं पहिलं वर्ष आणि सात-आठ वर्षांपुढचं वय, या दोन टप्प्यांवर पॅकेज घेण्यासारखं आहे. मधल्या वर्षांत हिशेब करून बघा, तीच कामं सुटी सुटी करून घेतलेली बरेचदा परवडतात. पण कामं मात्र टाळू नका. पॅकेज नसलं तरी चालेल. गोचिडांचं औषध तीन महिने चुकलं तर त्याचं बिल येतंच.

पॅकेजमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हाताने केलेली पूर्ण तपासणी, आणि छापील पत्रकात ती एका ओळीत उरकलेली असते. ती नीट झाली की नाही हे टेबलाशेजारी उभं राहून कळतं. आधी वजन, दर वेळी त्याच काट्यावर. मग ओठ वर करून दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा बघितल्या जातात, नुसते पुढचे सुळे नव्हे. कानात ऑटोस्कोप घालून पडद्यापर्यंत पाहिलं जातं. जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्या लसिका गाठी चाचपल्या जातात. छातीवर स्टेथोस्कोप असताना डॉक्टरांचा दुसरा हात मांडीच्या आतल्या नाडीवर असतो, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका नाडीत उतरतोय का ते बघायचं असतं. पोट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं जातं, बोटांच्या बेचक्या उघडल्या जातात, मादी असेल तर स्तनांची रांग वरपासून खालपर्यंत चाचपली जाते. हे सगळं पाच मिनिटांत होत नाही, वीसेक मिनिटं लागतात. लस टोचून लगेच ‘झालं’ म्हणणाऱ्या ठिकाणी पॅकेजवर कितीही सूट असली तरी घेऊ नका. वाटाण्याएवढी गाठ वेळेवर सापडली तर छोट्या शस्त्रक्रियेत निघते. तीच लिंबाएवढी झाल्यावर सापडली की भूल, टाके, बायॉप्सी आणि ड्रेसिंगच्या फेऱ्या सगळंच वाढतं.

लसींच्या बाबतीत पहिल्या वर्षीचं पॅकेज खरंच कामाचं ठरतं, कारण डोस बरेच असतात आणि एकही चुकवून चालत नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. कारण साधं आहे. आईकडून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत त्या लसीलाच निकामी करतात, आणि त्या नेमक्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. बारा आठवड्यांना ‘कोर्स पूर्ण’ म्हणून थांबलेल्या पिल्लांना पार्व्हो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होतो तो बरेचदा यामुळेच. पार्व्होत सलाइन, उलटीची इंजेक्शनं, अँटिबायॉटिक असं दाखल ठेवून दिवसचे दिवस चालतं, आणि तेवढं करूनही पिल्लू वाचेलच असं नाही. त्यापुढे एका लसीचा खर्च काहीच नाही.

पहिल्या वर्षाचा बूस्टर झाला की मात्र पॅकेज बारकाईने वाचा. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंविरुद्धच्या मुख्य लसी मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदा पुरतात. त्याहून जास्त वेळा द्यायची गरज नसते. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र जिथे लागू आहे तिथे दर वर्षीच द्यावी लागते, आणि रेबीजचं वेळापत्रक कायद्याप्रमाणे आणि लसीच्या लेबलाप्रमाणे. दर वर्षी सरसकट ‘सगळ्या लसी’ लिहिलेलं पॅकेज असेल तर त्यातल्या निम्म्या गोष्टींचे पैसे तुम्ही उगाच भरताय. आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघा: लस 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या फ्रिजमधून काढली जातेय का, पावडर आणि द्रव तुमच्यासमोर मिसळतात का, आणि बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर तुमच्या लसपुस्तिकेत चिकटवतात का.

जंतांच्या औषधात पैसे वाया जातात ते अंदाजाने दिलेल्या डोसमुळे. बऱ्याच गोळ्या दर 10 किलोला एक अशा असतात. कुत्रा 14 किलोचा असताना ‘दहा-बाराचा असेल’ म्हणून एकच गोळी दिली की जंत अर्धवट मरतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी औषध लागतं, दोन महिन्यांचं होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. कुत्रीच्या पोटात असतानाच गोलकृमी पिल्लात जातात, म्हणून इतकी घाई. मोठ्या जनावराला साधारण तीन महिन्यांनी, किंवा शी तपासून गरजेप्रमाणे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांमुळे येतो, त्यामुळे नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात.

गोचीड आणि पिसवांचं औषध हा पॅकेजमधला सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा भाग आहे, आणि नेमकं तेच बहुतेकांकडून ‘आता दिसत नाहीत’ म्हणून बंद होतं. घरातल्या पिसवांपैकी अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गादीत, सतरंजीत, फटींत असतात, आणि कोशावर औषधाचा परिणाम जवळपास होत नाही. म्हणून घरातल्या सगळ्या जनावरांना सलग तीन महिने तरी औषध द्यावं लागतं. महिन्याने थांबलात तर कोशातून नवी फौज बाहेर येते आणि औषध ‘लागू पडत नाही’ असं वाटतं.

तपकिरी गोचिडाचं तर आणखी वाईट. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. हा गोचीड घराच्या आत पूर्ण पिढी काढू शकतो. त्याच्यामुळे होणारा एर्लिकिओसिस सुरुवातीला नुसता ताप आणि सुस्ती दाखवतो. तेव्हा पकडला तर डॉक्सिसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स असतो. उशीर झाला तर प्लेटलेट कोसळतात, नाकातून रक्त येतं, आणि अस्थिमज्जाच बसली तर रक्त चढवण्यापर्यंत वेळ येते.

औषध लावण्यातल्या चुकाही महागात पडतात. मानेवर टाकायचं औषध केसांवर नको, कातडीवर लागायला हवं: दोन्ही खांद्यांच्या मध्ये केस बोटांनी बाजूला करायचे, कातडीची पांढरी रेघ दिसली की पिपेटचं (औषधाच्या छोट्या नळीचं) तोंड तिला टेकवून दाबायचं. फिप्रोनिलचं औषध असेल तर आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. मोठ्या कुत्र्याची पिपेट दोन लहान कुत्र्यांत वाटून पैसे वाचत नाहीत, डोस चुकतो. आणि हे अधोरेखित करून ठेवा: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावायचं नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. घरात दोन्ही असतील तर औषध सुकेपर्यंत कुत्र्याला मांजरापासून लांब ठेवा.

दातांसाठी पॅकेजमध्ये ‘डेंटल चेक’ असतो आणि क्वचित स्केलिंगवर (दातांवरचं कीटण खरवडून काढण्यावर) सूट. सूट बघताना एकच विचारा: स्केलिंग भूल देऊन, हिरडीखालून आणि एक्स-रे काढून होतं का? भूल न देता दात खरवडून पांढरे केले तर ते दिसायला छान दिसतात, पण आजार असतो हिरडीच्या खाली. त्या सेवेला आम्ही शून्य गुण देऊ. खरी बचत घरच्या ब्रशात आहे. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांतच कडक कीटण व्हायला लागतो, म्हणून ब्रश रोज, निदान एक दिवसाआड. पहिले काही दिवस नुसतं बोट हिरडीवरून फिरवायचं, मग बोटाला जनावरांसाठीची पेस्ट, मग मऊ ब्रश. तोंड उघडायची गरज नाही. ओठ वर करायचा, ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरपा धरायचा आणि बाहेरच्या बाजूने एकेका बाजूला अर्धा मिनिट. वरच्या जबड्यातली मागची सगळ्यात मोठी दाढ चुकवू नका. तिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते आणि लोक डोळ्याचे थेंब टाकत बसतात. माणसांची पेस्ट वापरू नका; जनावरं ती गिळतात, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजीचा गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याला विषबाधा होते. चघळायला द्यायच्या वस्तूवर नख दाबून बघा. नख रुतत नसेल तर ती दाताहून टणक समजा. शिंगं, खुरं, उकळलेली हाडं यांनी हीच मोठी दाढ चिरते.

वजनाबद्दल पॅकेजवाले फारसं बोलत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. आमच्या मते सगळ्यात स्वस्त औषध मात्र हेच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रेडॉर जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचं औषध बऱ्याच उशिरा लागलं. गणित घरी करता येतं. 10 किलोच्या नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 किलोकॅलरी पुरतात. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 63, बिस्किटं-तुकड्यांसाठी सोडला की उरल्या 567. पाकिटावर 100 ग्रॅमला 350 किलोकॅलरी लिहिलं असेल तर झालं 162 ग्रॅम. हे ग्रॅमच्या काट्यावर मोजा. कपाने मोजलं की रोज थोडं थोडं जास्तच पडतं. महिन्याने वजन बघून आकडा कमी-जास्त करा. लठ्ठ मांजराला मात्र एकदम उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्ल्यानेही त्याचं यकृत बिघडू शकतं.

नसबंदीवर सवलत असेल तर पॅकेजच्या बाजूने तो मोठा मुद्दा आहे. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतर चार ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि वय वाढेल तसा तो वाढतो. ठरवून केलेली शस्त्रक्रिया धडधाकट जनावरावर होते. पू झाल्यावर तीच शस्त्रक्रिया आजारी, ताप असलेल्या, सलाइनवरच्या जनावरावर रात्री-अपरात्री करावी लागते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत नेमक्या वयाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

रक्ततपासणीबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. तीन वर्षांच्या, खाऊन-पिऊन खेळणाऱ्या कुत्र्याची वीस घटकांची मोठी तपासणी दर वर्षी करायची गरज आम्हाला वाटत नाही. ‘नॉर्मल’ची मर्यादाच अशी आखलेली असते की निरोगी जनावरांपैकी वीसात एक तिच्या बाहेर पडतं. वीस घटक तपासले तर पूर्ण निरोगी कुत्र्यातही एखादा आकडा बाहेर दिसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि मग त्या एका आकड्यामागे फेरतपासणी, सोनोग्राफी. एकदा मूळ आकडे नोंदवून ठेवावेत, भुलीआधी तपासावं, एवढं पुरे. गोचीड किंवा हार्टवर्म (हृदयातला जंत) असलेल्या भागातल्या चाचण्या याला अपवाद.

सात-आठ वर्षांपुढे चित्र उलटं होतं. तेव्हा सहा महिन्यांनी तपासणी हवी, आणि पॅकेजमध्ये रक्ताबरोबर लघवी आहे का ते आधी बघा. नसेल तर पॅकेज अर्धवट आहे. रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढतं तोवर किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. लघवी पातळ होणं त्याआधी दिसतं. म्हाताऱ्या मांजरांत रक्तदाब आणि थायरॉइडही हवं. घरी बिनखर्चात करायचं म्हणजे पाणी मोजणं: सकाळी मोजून भांड्यात घाला, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे कुत्रा 100 मिलीच्या वर आणि मांजर 50 मिलीच्या वर जात असेल तर दवाखान्यात दाखवा. 4 किलोच्या मांजराला 200 मिली म्हणजे खूप झालं. हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) सांगितलं असेल तर गाढ झोपेतले श्वास मिनिटभर मोजा. रोज 30 च्या आत असायला हवेत.

सही करण्याआधी लेखी विचारून घ्या: तपासणी डॉक्टर स्वतः करणार का? मधेच जनावर दगावलं किंवा गाव बदललं तर उरलेले हप्ते भरावे लागतात का? न वापरलेली सेवा पुढच्या वर्षी मिळते का? पॅकेज आपोआप नूतनीकरण होतं का? मग तुम्ही खरोखर वापरणार त्या गोष्टींचे सुटे दर त्याच दवाखान्यातून घ्या आणि बेरीज करा. नखं कापणं, आंघोळ, ‘मोफत फोन सल्ला’ यांना बेरजेत शून्य धरा. पॅकेज त्याहून स्वस्त निघालं तर घ्या. पहिल्या भेटीला शीचा त्याच दिवसाचा नमुना घेऊन जा, सुपारीएवढा पुरतो, घट्ट झाकणाच्या डबीत. लगेच निघता येत नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.