ओपनसीव्ही: माग काढण्यात तरबेज, दिशेबाबत सावधगिरी हवी

व्हिडिओतील हलत्या वस्तूचा माग काढणे आणि ती कोणत्या बाजूला वळली आहे हे सांगणे ही कामे ऐकायला सारखी वाटतात. ओपनसीव्ही ही प्रतिमा आणि व्हिडिओ तपासण्याच्या तयार कोडची मुक्त लायब्ररी दोन्हींसाठी वापरून पाहिल्यावर त्यांच्यातील अंतर लक्षात येते. इंटेलमध्ये १९९९ साली सुरू झालेली ही लायब्ररी ४.५ आवृत्तीपासून अपाची २ परवान्याखाली मिळत असल्याने व्यावसायिक वापरालाही मोकळीक आहे.

माग काढण्याबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. तिच्यातील माग काढणाऱ्या पद्धतींपैकी (ट्रॅकर) केसीएफ वेगवान आहे, पण वस्तू जवळ येऊन मोठी दिसू लागली तरी त्याची चौकट मूळ आकारालाच धरून बसते; सीएसआरटी हा दुसरा ट्रॅकर हा बदल सांभाळतो, मात्र संथ चालतो.

खरी कसोटी दिशेची. सपाट पृष्ठभागावरील वस्तू वरून पाहायची असेल, तर तिच्याभोवती सर्वांत लहान आयत बसवून त्याचा कोन घेणे पुरते; पण कोन मोजण्याची रीत ४.५.१ आवृत्तीत बदलल्यामुळे जुन्या उदाहरणांतील आकडेमोड जशीच्या तशी उचलू नये. शिवाय आयताला वस्तूचे तोंड कोणते आणि शेपूट कोणते हे कळत नाही.

त्रिमितीतील दिशेसाठी वस्तूवर आरुको चिन्ह (संगणकाला सहज ओळखता येणारा काळा-पांढरा चौकोनी नमुना) चिकटवणे मला सर्वांत भरवशाचे वाटले. चिन्हाच्या चार कोपऱ्यांच्या प्रतिमेतील जागा, त्याचे खरे माप आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याच्या भिंगाची आधी मोजून ठेवलेली वैशिष्ट्ये) एवढ्यावर पूर्ण स्थिती, म्हणजे जागा आणि दिशा, निघते. मात्र दूरचे, लहान चिन्ह कॅमेऱ्याकडे जवळजवळ सरळ तोंड करून असेल, तर एकाच प्रतिमेला दोन झुकाव जवळपास सारखेच जुळतात आणि चिन्हाची दिशा दाखवणारे अक्ष एका फ्रेममध्ये (व्हिडिओतील एका चित्रात) डावीकडे, तर पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे कलंडतात. हा दोष लायब्ररीचा नसून भूमितीचा आहे. आयपीपीई ही सपाट चिन्हावरून स्थिती काढणारी पद्धत दोन्ही उत्तरे हाती देते, त्यांतून मागच्या फ्रेमशी जुळणारे निवडणे आपल्याकडे राहते. एका चिन्हाऐवजी अनेक चिन्हांचा फलक वापरल्यास ही उलटापालट बरीच आटोक्यात येते.

दिशा स्थिर दिसावी म्हणून लागोपाठच्या फ्रेममधील कोनांची थेट सरासरी काढण्याचा मोह मला झाला होता. १७९ आणि उणे १७९ अंशांची सरासरी शून्य, म्हणजे नेमकी उलटी दिशा आली, तेव्हा क्वाटर्नियनकडे, म्हणजे दिशा चार आकड्यांत मांडण्याच्या रीतीकडे, वळलो. वेगाने फिरणारे चिन्ह धूसर होऊन ओळखूच येत नाही, हे मात्र कोणत्याही गणिताने सुटत नाही. तेथे प्रकाश वाढवून शटरवेळ कमी करावा लागतो.