‘लाईफटाइम’ पाच महिन्यांत वारलं

फोटोशॉप या फोटो सजवायच्या सॉफ्टवेअरचं ‘लाईफटाइम’, म्हणजे कायमचं, लायसन घ्यायच्या नादात गेले एकूण २९,२४० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी ‘किती गेले रे?’ विचारायला नको. त्यात ६,४९० माझे स्वतःचे. १२,९८० दोन मित्रांचे, जे मी त्यांना शरमेखातर परत केले. १,७७० दुसऱ्यांदा गाढवपणा केला त्याचे. आणि ८,००० एका नवरीच्या बापाने अल्बमच्या पैशातून कापून घेतले, तेही बरोबरच होतं त्यांचं.

मी लोभापायी फसलो असं माझा मेहुणा सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरतोय. त्याचं ऐकू नका. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावात सोळा वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे. चोपडा, अमळनेर, शिरपूरपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी घेतो. या सोळांपैकी पंधरा वर्षं मी क्रॅकवालं, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं, फोटोशॉप वापरलं. उगाच सोवळेपणा कशाला, कुणी नाही वापरलं? कुणीतरी जळगावहून पेन ड्राइव्ह आणायचं, आपण अँटिव्हायरस बंद करायचा, पॅच टाकायचा, नेटची वायर काढून ठेवायची. मग एकदा त्याच पॅचमधून असा व्हायरस शिरला की दोन लग्नांच्या फायली कुलूपबंद झाल्या. तेव्हा ठरवलं, आता पक्क्या बिलाचं ओरिजिनल घ्यायचं. म्हणजे चोरी केली तेव्हा एका व्हायरसवर भागलं, इमानदारीच्या रस्त्याला लागलो आणि लुटलो गेलो.

आणि ओरिजिनल घ्यायचं म्हटलं तरी ते विकत मिळतं कुठे? पेटीतलं, म्हणजे एकदाच पैसे मोजून कायमचं आपलं होणारं, फोटोशॉप सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. २०१३ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने सांगून टाकलं, यापुढे फक्त भाडं. त्यांच्याच लाइटरूमची, म्हणजे फोटोंचे रंग-उजेड सुधारायच्या सॉफ्टवेअरची, सहावी आवृत्ती तेवढी २०१५ मध्ये विकत मिळाली, पुढे तीही गेली. आपला सीझन तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो आणि ज्येष्ठात आटपतो. आषाढापासून दिवाळीपर्यंत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. पण भाडं बारा महिन्यांचं. वर्षाचा करार करून महिन्याला हप्ता भरत असाल आणि मध्येच सोडलंत, तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मे मोजायचे. पेरणीला ट्रॅक्टर भाड्याने आणला तर पेरणी झाल्यावर परत करतो की वर्षभर दारात उभा ठेवतो? हा सोडण्याचा दंड नीट सांगत नाहीत म्हणून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये त्या कंपनीवर खटला भरला, म्हणजे तक्रार एकट्या खानदेशची नाही. हे एवढं रामायण कशासाठी, तर ‘लाईफटाइम’ हा शब्द दिसल्यावर माझ्या तोंडाला पाणी का सुटलं ते कळावं.

नोव्हेंबर २०२४. फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. फोटोशॉप आणि लाइटरूम, लाईफटाइम लायसन, क्लाउडसकट (फायली ठेवायला नेटवरची जागा), जीएसटी बिलासह. ५,५०० अधिक १८ टक्के. मी फोन लावला. गडी पुण्याचा म्हणाला. बोलणं एकदम मऊ, दर वाक्यात ‘सर’. सोळा वर्षांत मला एवढ्या वेळा सर कुणी म्हटलं नव्हतं. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं, बिलावर नाव वेगळंच. विचारलं तर म्हणे, ‘सर, ते आमचं सिस्टर कन्सर्न आहे.’ मला वाटलं असेल. टाकला पिन.

आता ती जागा सांगतो, जिथे मी थांबायला हवं होतं. पाच महिने रोज रात्री तीच आठवते.

त्याने मला लायसनची की पाठवली नाही. एक तयार ईमेल आयडी आणि पासवर्ड पाठवला. आयडीच्या शेपटीला कुठल्यातरी परदेशातल्या कॉलेजचं नाव. लॉगिन करताना स्क्रीनवर दोन पर्याय आले, एक पर्सनल अकाउंट, दुसरा कंपनी किंवा स्कूलचं अकाउंट. माझा हात माउसवर थांबला. खरंच थांबला, चांगलं अर्धा मिनिट. मी फोन केला, भाऊ, हे स्कूल काय आहे? तो म्हणाला, ‘सर, दुसरं दाबा. आम्ही बल्कमध्ये घेतो ना, म्हणून स्वस्त पडतं.’ मी दुसरं दाबलं. उघडलं सगळं, झकास. वरच्या कोपऱ्यात नाव होतं, ते माझं नव्हतं. लग्नात अदलाबदल होते म्हणून मी ट्रायपॉडच्या पायावरसुद्धा बायकोच्या नेलपॉलिशने स्वतःचं नाव लिहून ठेवतो. आणि साडेसहा हजारांच्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव दिसत असताना मी तिच्यात ‘शुभविवाह’ टाइप करत बसलो.

पुढचा खेळ तुम्हाला माहीतच असेल. कॉलेजसारख्या संस्थेच्या नावावर लायसनच्या जागा असतात, त्यातली एक परस्पर आपल्याला विकायची. तिथल्या अ‍ॅडमिनच्या लक्षात आलं, किंवा मुदत संपली, की नाव काढतो. आपण भाडेकरूसुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरात झोपलेलो, आणि घरमालकाला पत्ताच नाही.

आणि ते बिल. पक्कं बिल पक्कं बिल म्हणून मी नाचत होतो, ते लॅमिनेट करायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. बी.कॉम.ला असलेल्या माझ्या भाचीने नंतर ते हातात घेतलं आणि दहा सेकंदांत म्हणाली, ‘मामा, जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो. तो गुजरातचा. आपला २७.’ वर त्यात सीजीएसटी ४९५ आणि एसजीएसटी ४९५ असे दोन तुकडे. गुजरातचा माणूस महाराष्ट्रात माल विकतो तेव्हा आयजीएसटी लागतो, हे दोन तुकडे नव्हे. म्हणजे लबाडाला खोटं बिलसुद्धा धड बनवता आलं नव्हतं, आणि तेवढ्यावर मी भाळलो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला एक पैसा लागत नाही. पैसे देण्याआधी बघा, भाची सुट्टीत येईपर्यंत थांबू नका.

डिसेंबरमध्ये मीच दोन मित्रांना सांगितलं. छातीठोकपणे. दोघांनी घेतलं.

बंद पडलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती आणि त्या दिवशी आपल्याकडे लग्नं किती असतात ते वेगळं सांगायला नको. रात्री साडेअकराचा सुमार, पंखा गरम हवा फेकतोय, अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीटवर हळदीचे फोटो बसवत होतो. खिडकी मिटली. परत उघडलं तर म्हणे या खात्याला परवानगी नाही. नेट गेलं असेल म्हणून राउटर दोनदा बंद-चालू केला. मग मित्राचा फोन, ‘भो, तुनं बी बंद पडनं का?’ तेव्हा पोटात गोळा आला. क्लाउडमध्ये जागा फुकट आहे म्हणून एका लग्नाच्या एकोणीस शीट मी तिथेच ठेवल्या होत्या. मूळ फोटो हार्ड डिस्कवर होते, केलेलं काम गेलं. फायली स्वतःच्या डिस्कवर ठेवा. दोन डिस्कवर.

माणूस फोन उचलत होता हे विशेष. ‘सर, सर्व्हर मायग्रेशन चालू आहे, नवीन आयडीचे १,५०० अधिक जीएसटी.’ मी १,७७० पाठवले. हो, पाठवले. नवरीच्या बापाचे दिवसाला चार फोन येत असताना तुम्हीही पाठवले असते. दोन दिवसांनी त्याच्या नंबरावरचा फोटो गायब झाला आणि माझ्या मेसेजला एकच टिक.

आता सरकारी दारं. पहिलं बँक. ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग हा अनधिकृत व्यवहार होत नाही.’ संपलं. चहासुद्धा नाही.

दुसरं ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी साहेब आहेत, पण कॉम्प्युटरवाला रजेवर. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचला. ‘तारीख काय? नोव्हेंबर? आणि आज मे. एवढे दिवस झोपला होतात का?’ अहो साहेब, माल चालू होता तोवर फसलो हे कळणार कसं? चोराने सांगून जायला हवं होतं का? म्हणाले, रक्कम छोटी आहे, अर्ज घेऊन ठेवतो. एफआयआर नाही, अर्ज. गोल शिक्का मारून पोच दिली, ती अजून गल्ल्यात आहे. मग सायबरसाठी जिल्ह्याला जा म्हणाले. गेलो. भर लग्नसराईतला दिवस, दुकान बंद. तिथे सांगितलं, पैसे ज्या खात्यात गेले ते परराज्यातलं दिसतंय, आधी तालुक्याचं पत्र आणा. पत्र आणायला परत तालुका. अशा पाच चकरा. प्रवासखर्च मी वरच्या हिशोबात धरलेलाच नाही.

पाचव्या चकरेला एका शहाण्या माणसाने कॉपीराइट कायदाच काढला. कलम ६३ ब. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. ‘तुम्हाला माहीत नव्हतं कशावरून? अर्ज पुढे न्यायचाय का विचार करा.’ आधीची पंधरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बोलती बंद. हीच तर या ठगांची खरी युक्ती आहे. ते अशाच माणसाला हेरतात ज्याच्या कपाटात जुना पेन ड्राइव्ह आहे. कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे आणि माझ्याकडे पैसे भरल्याचं बिल आहे, हे मला बसस्टँडवर सुचलं. गाडी लागली होती.

तेव्हा ऐका. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, भांडत बसू नका, नवऱ्या-बायकोत चर्चा नंतर. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर समोर ठेवा. चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात निम्मं केलं. आणि दुसऱ्याच्या आयडीने चालणारं काहीही, कितीही गोड बोलून दिलं तरी, घेऊ नका.

मग आखाजीचा अल्बम कसा केला? भाचीने ब्राउझरमध्ये फोटोपी नावाचं फुकट चालणारं सॉफ्टवेअर उघडून दिलं. जाहिराती दिसतात, पण फोटोशॉपमधल्या माझ्या जुन्या पीएसडी टेम्प्लेट लेअरसकट (एकावर एक थरांसकट) उघडल्या. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, फोटोंसाठी डार्कटेबल, बाकी कामाला गिंप, दोन्ही फुकट. गिंपची मार्च २०२५ मध्ये तिसरी मोठी आवृत्ती आली, तिच्यात फिल्टर मारल्यावरही मागे जाऊन तो बदलता येतो. पहिले आठ दिवस मी शिव्या घातल्या. बोटांना पंधरा वर्षांचे शॉर्टकट लागलेले, एक दाबायला जातो आणि होतं भलतंच. डार्कटेबल तर पहिल्यांदा बघितलं की विमानाचं कॉकपिट वाटतं. छपाईच्या सीएमवायके रंगांचं गिंपमध्ये अजूनही तेवढं सरळ नाही, मी लॅबवाल्याला स्क्रीनच्या रंगांतली (आरजीबी) जेपीजी फाइल देतो, तो घेतो. शीट झाल्या, पण अकरा दिवस उशिरा. ते ८,००० तिथले.

गिंप तर १९९६ पासून फुकट आहे. जवळपास तीस वर्षं. मला एकाही ग्रुपवर कुणी सांगितलं नाही, कारण फुकटाचं कमिशन मिळत नाही.

पण तिथेही डोळे उघडे ठेवा. २०२२ मध्ये गिंपच्याच नावाची बनावट जाहिरात सर्चमध्ये वर येत होती, तिच्यातून व्हायरस उतरायचा. जाहिरातीवर क्लिक करू नका, त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. आणि हसू नका, मला एकाने ‘गिंप प्रो लाईफटाइम’ २,५०० ला देऊ केलं. गंमत अशी की गिंपच्या लायसनप्रमाणे प्रत विकायला बंदी नाही. तुम्ही विकत घ्यायची मात्र काहीच गरज नाही.

दोघा मित्रांना पैसे परत केले. एक म्हणाला राहू दे रे भो, पण घेतले. दुसऱ्याने मोजून घेतले.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच मेसेज दिसला. नाव नवीन, मजकूर तोच, ‘लाईफटाइम’च्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा तीच. भाव आता ४,९९९. मी खाली लिहिलं, हा माणूस ठग आहे, माझे ८,२६० घेतलेत, बिल दाखवतो. बिलाचा फोटो टाकेपर्यंत अ‍ॅडमिनने मला ग्रुपमधून काढलं होतं.