स्लीव्हच्या ऑपरेशनला १६ महिने झाले: किलो सगळे मोजतात, हार्मोन्सबद्दल कोणी बोललं नाही

देवगडजवळच्या गावात राहते, वय ३३. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरला माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन झालं. नवऱ्याचं हापूसचा सीझन आटोपल्यावर जूनमध्ये. मी १०८ किलोवरून ७४ वर आले, तो १३१ वरून ९६ वर. वजनावर लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहितेय. नवऱ्याला विचारून लिहितेय.

मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास. लग्नाला सात वर्षं झाली, पण गोळ्या घेतल्याशिवाय पाळी यायचीच नाही. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळा पट्टा. ऑपरेशननंतर अकराव्या आठवड्यात सासूबाईंबरोबर पडवीत कुळीथ निवडत बसले होते आणि पोटात ओळखीची कळ आली. गोळी नाही, इंजेक्शन नाही, आपोआप पाळी. न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

हे का होतं ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. अंगात इन्शुलिन जास्त असलं की अंडाशय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनवतं. शिवाय त्या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन लिव्हर कमी तयार करतं, म्हणून ते मोकळं फिरतं. ऑपरेशननंतर इन्शुलिन काही आठवड्यांतच उतरतं, वजन पुरतं उतरायच्या आधीच. मग एसएचबीजी वाढतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि बंद पडलेलं बीज पुन्हा सुटायला लागतं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. डिस्चार्जच्या कागदांत प्रोटीन पावडरवर अख्खं पान होतं, पण गर्भ राहू शकतो, काळजी घ्या, असं एक ओळही नाही. सात वर्षं ज्या बाईला दिवस गेले नाहीत, ती कशाला काळजी घेईल? गणपतीत पाळी १२ दिवस पुढे गेली. घर पाहुण्यांनी भरलेलं. गावातल्या मेडिकलवाल्याला सगळ्यांची घरं माहीत, म्हणून नवऱ्याने कणकवलीहून किट आणलं. पहाटे आरतीची भांडी घासायच्या आधी टेस्ट केली. एकच रेघ आली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला. ज्याच्यासाठी सात वर्षं नवस केले, ते नको म्हणून देवाला हात जोडायचे, हे मी कधी विसरणार नाही.

पहिले १२ ते १८ महिने गर्भ टाळायला सांगतात, कारण वजन झपाट्याने उतरत असतं आणि आईलाच लोह, बी-१२, प्रोटीन पुरत नाही, तर बाळाला कुठून मिळणार? स्लीव्हऐवजी वजनासाठीचीच पोटाची बायपास झाली असेल तर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याचा भरवसा नसतो, आणि उलट्या होत असतील तर कुणाच्याच नाही. माझं हिमोग्लोबिन कमी. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशयात हार्मोनवाली कॉइल बसवली, गर्भ राहू नये म्हणून. सासूबाईंना ते पटेना. "आता पाळी येता मां, मगे कित्याक थांबतास?" त्यांनी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं, त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी माझा फेरिटिनचा, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा, रिपोर्ट नवऱ्याने त्यांना मालवणीतून समजावला, तेव्हा कुठे गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या पेजेसोबत कुळथाची पिठी न चुकता यायला लागली.

आता नवऱ्याचं. पुरुष हे बोलतच नाहीत. इच्छाच उरली नव्हती, दिवसभर थकवा, आणि आम्ही दोघंही 'वजनामुळे असेल' म्हणून सोडून द्यायचो. चरबीत ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं, ते पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू वृषणांना इशारा द्यायचा कमी करतो, म्हणजे दुहेरी नुकसान. ऑपरेशनआधी त्याचं टेस्टोस्टेरॉन २१० होतं, दहाव्या महिन्यात ४४०. एका ओळखीच्याने इंजेक्शनं घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी साफ नकार दिला: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शुक्राणू बनणंच मंदावतं, आणि आम्हाला तर मूल हवंय. टेस्टोस्टेरॉन वाढलं म्हणजे शुक्राणू वाढलेच असं धरू नका, हेही त्यांनी बजावलं. वजन वेगाने उतरत असताना काहींचे उलट कमी होतात. त्यामुळे त्याची वीर्य तपासणी आम्ही मुद्दाम एवढे महिने थांबवून ठेवली. पण घरात काय बदललं ते रिपोर्टात नाही. संध्याकाळी कलमांना फेरी मारून आल्यावर तो आता माझ्याजवळ बसतो, बोलतो. इतकी वर्षं तो आला की आडवा व्हायचा.

डोक्यावरचे केस चौथ्या महिन्यात मूठ-मूठ गळले. ते हार्मोनमुळे नव्हे, वजन झटकन उतरल्यामुळे. आठव्या महिन्यात थांबलं. हनुवटीवरचे मात्र अजून आहेत. आधी जाड झालेला केस सहजी जात नाही, फक्त नवे कमी येतात. मानेचा पट्टा फिका झालाय.

ऑपरेशनला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, हार्मोन्सच्या टेस्ट आधीच करून घ्या, बायकांनी आणि पुरुषांनीही. आणि टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासा. नवऱ्याचं पहिल्यांदा दुपारी चारला रक्त घेतलं होतं, ती टेस्ट पुन्हा करावी लागली, कारण दिवस चढतो तसं ते उतरतं.

ऑगस्टमध्ये कॉइल काढायची का ते ठरेल. फोंडा घाटातून पावसात पहाटे निघणं नको, म्हणून आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्काम करणार आहोत. आठ वाजता दोघांचं रक्त द्यायचंय.